डिस्ने वर्ल्डला मिकीबरोबर नाश्ता करायचाय? कुठे, कधी आणि कितीला ते आधी ठरवा

ऑरलँडोची तिकिटं काढून होतात, हॉटेल बुक होतं, आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, कॅरेक्टर डायनिंग केलंत का? की झाली घरात नवी चर्चा सुरू. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना आणि इथे अमेरिकेतच राहणाऱ्या मैत्रिणींना मी हेच परत परत फोनवर सांगत असते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. हे सगळं फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबद्दल आहे हं, म्हणजे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही चार पार्क्स आणि आजूबाजूची डिस्नेची हॉटेलं, म्हणजे रिसॉर्ट्स. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड वेगळं, तिथली रेस्टॉरंट्स वेगळी.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही टेबलावर बसून खाताय आणि मिकी, गूफी, डोनाल्ड नाहीतर राजकन्या वगैरे मंडळी पंगतीत वाढपी फिरतात तशी एकेका टेबलाशी येतात, मुलांना मिठी मारतात, वहीत सही करतात, फोटो काढू देतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात. पार्कात याच मंडळींना भेटायला वेगवेगळ्या ठिकाणी रांगा लावाव्या लागतात, आणि गर्दीच्या दिवशी एकेका रांगेत अर्धा पाऊण तास सहज मोडतो. इथे तासा-सव्वा तासात चार-पाच जण स्वतःहून तुमच्याकडे येतात, वर एसी आणि बसायला खुर्ची. जेवण बहुतेक ठिकाणी ठीकठाक या वर्गातलं. म्हणजे आपण पैसे मोजतो ते रांग वाचवण्याचे, हे एकदा मान्य केलं की पुढचे निर्णय पटापट होतात आणि 'एवढ्या पैशात नुसते वॅफल्स?' हा घरच्यांचा प्रश्नही आधीच निकालात निघतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवते: एका ट्रिपला असं एकच जेवण करा, आणि शक्यतो सकाळचं. का ते पुढे येईलच.

पोराला कोण आवडतं ते आधी विचारा

लोक सुरुवात करतात ती 'बेस्ट रेस्टॉरंट कुठलं' इथून, आणि तिथेच गाडी घसरते, कारण किल्ल्यातलं जेवण म्हणजे भारीच असणार असं आपल्याला वाटतं आणि पोराला मात्र फक्त डोनाल्ड हवा असतो. तेव्हा आधी पोराला विचारा, मग यादी बघा.

मिकी आणि त्याची नेहमीची टोळी हवी असेल तर सगळ्यात सोपं नाव शेफ मिकीज. हे कंटेम्पररी रिसॉर्टमध्ये आहे, बुफे आहे, आणि त्या हॉटेलच्या इमारतीतून चक्क मोनोरेल जाते, त्यामुळे मुलगा ट्रेनवेडा असेल तर जेवण बाजूलाच राहतं. मिकी-मिनी-डोनाल्ड-गूफी-प्लूटो, जवळजवळ सगळे इथे एका छताखाली भेटतात. गोंगाट भरपूर, तेवढी तयारी ठेवा. अ‍ॅनिमल किंगडमच्या टस्कर हाऊसमध्ये डोनाल्ड आणि त्याची दोस्तमंडळी सफारीच्या कपड्यात येतात. रिव्हिएरा रिसॉर्टच्या गच्चीवरच्या टोपोलिनोज टेरेसमध्ये मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तिका अशा वेषात असतात, कपडे आणि फोटो या बाबतीत हे सगळ्यात देखणं. इथे बुफे नाही, मेनूतून प्रत्येकाची डिश मागवायची असते. बीच क्लबच्या केप मे कॅफेत मिनीची मंडळी समुद्रावर फिरायला आल्यासारखी सजून येतात. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये हॉलिवूड अँड वाइनमध्ये मिनी यजमान असते आणि सीझनप्रमाणे कपडे बदलत राहतात.

विनी द पू, टिगर, ईयोर, पिगलेट ही मंडळी मॅजिक किंगडममधल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. काचेचं छत, भरपूर उजेड, आणि छोट्या मुलांना पू मंडळी मिकीपेक्षाही कमी भीतीदायक वाटतात असा अनुभव आहे. लिलो आणि स्टिच हवे असतील तर पॉलिनेशियन रिसॉर्टचं ओहाना, तिथे मिकी आणि प्लूटोही असतात. स्टिचचं वेड असलेली मुलं सध्या प्रत्येक घरात एक तरी आहेच, त्यामुळे याचं बुकिंग भराभर जातं.

राजकन्यांचं प्रकरण जरा नीट समजून घ्या. सिंड्रेलाज रॉयल टेबल हे प्रत्यक्ष किल्ल्याच्या आत, १८९ फुटी किल्ला आणि त्यात वरच्या मजल्यावर जेवण. (गंमत म्हणजे १९७१ ला पार्क उघडला तेव्हा सिंड्रेलाच्याच किल्ल्यातल्या या रेस्टॉरंटला दुसऱ्याच राजकन्येच्या, म्हणजे ऑरोराच्या वडलांचं नाव होतं, किंग स्टीफन्स बँक्वेट हॉल. ते बदलायला १९९७ उजाडलं.) हे सगळ्यात महाग आणि मिळायला कठीण. दुसरा पर्याय एपकॉटच्या नॉर्वे पॅव्हिलियनमधलं आकर्सहूस, तिथेही बऱ्याच राजकन्या येतात, किल्ल्यापेक्षा कमी पैशात. पण एक धोका: नॉर्वे म्हटल्यावर सगळे गृहीत धरतात की 'फ्रोझन'मधल्या एल्सा आणि अ‍ॅना असणार, तर त्या दोघी आकर्सहूसमध्ये नसतात. त्या शेजारच्या रॉयल सोमरहूसमध्ये भेटतात, वेगळी रांग लावून. निळा फ्रॉक घालून, वेणी घालून नटवलेली मुलगी टेबलावर बसून 'एल्सा कधी येणार' विचारतेय आणि आईबाप एकमेकांकडे बघताहेत हा प्रसंग टाळा, तिला आधीच सांगून ठेवा. तिसरं, ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलमधलं नाइंटीन हंड्रेड पार्क फेअर, २०२४ च्या एप्रिलमध्ये परत उघडलं, तिथे सिंड्रेला, टियाना, मिराबेल आणि अलादीन असं मिश्रण आहे, त्यामुळे घरात एक मुलगी राजकन्यावाली आणि एक मुलगा 'मला नको त्या राजकन्या' म्हणणारा असेल तर हे बरं पडतं.

थोडी मोठी, भुताखेतांच्या गोष्टी आवडणारी पोरं असतील तर वाइल्डरनेस लॉजमधलं स्टोरीबुक डायनिंग बघा. स्नो व्हाइट, बुटक्यांपैकी डोपी आणि ग्रम्पी, आणि ती दुष्ट राणी. राणी टेबलाशी येत नाही, आपणच तिच्यासमोर हजेरी लावायची, आणि ती छान अपमान करते. हे रात्रीचं जेवण आहे.

यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट आता सांगते. ओहाना, केप मे आणि टोपोलिनोज या तिन्ही ठिकाणी कॅरेक्टर फक्त सकाळी नाश्त्याला येतात. रात्री तीच रेस्टॉरंट्स चालू असतात, बुकिंगही मिळतं, जेवणही चांगलं असतं, पण मिकी नसतो. नाव बघून खुशीत रात्रीचं बुक केलं की संपलंच. बुक करताना वेळेच्या शेजारी कॅरेक्टर असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, आणि जायच्या आठवड्यात ऑफिशियल पानावर एकदा परत बघा, कारण कोण कुठे येणार हे बदलत असतं.

वय आणि भीती

दोन प्रकारची कॅरेक्टर असतात. एक राजकन्यांसारखी, ज्यांचा चेहरा दिसतो आणि जी बोलतात, गप्पा मारतात, तुझी बहीण काय करते विचारतात. दुसरी मिकी, प्लूटोसारखी मोठ्ठ्या डोक्याची, जी अजिबात बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी. चार-पाच वर्षांच्या पुढच्या बडबड्या मुलीला राजकन्या जास्त रमवतात. दीड-दोन वर्षांच्या बाळाला मात्र टीव्हीवरचा वीतभर प्लूटो अचानक बाबापेक्षा उंच झालेला बघून धक्का बसू शकतो.

आमच्या भाचीचं असंच झालं होतं, एपकॉटच्या गार्डन ग्रिलमध्ये. प्लूटो दिसला मात्र, ती आईच्या खांद्यावर चढून मानेत तोंड खुपसून भोकाड पसरून मोकळी. प्लूटो तिथेच थांबला, चार पावलं लांब, गुडघ्यावर बसला, स्वतःचे डोळे पंजाने झाकले आणि मग भाचीचा नाद सोडून सरळ सासूबाईंकडे वळला. सासूबाईंनी सवयीने नमस्कार केला, तर त्यानेही पंजे जोडून वाकून नमस्कार केला, मग त्यांच्या साडीच्या काठाकडे बोट दाखवून गालावर हात ठेवून 'काय सुंदर' असा अभिनय. टेबलावर हशा. भाची एक डोळा उघडून बघत होती. दुसऱ्या फेरीला तो आला तेव्हा तिने त्याच्या नाकाला हात लावला आणि लगेच मागे घेतला, पण लावला.

हे सांगायचं कारण म्हणजे लाजऱ्या मुलांसाठी गार्डन ग्रिल मला फार आवडतं. जागा छोटी, कॅरेक्टर मोजकी, मिकी, प्लूटो, चिप आणि डेल एवढीच, त्यामुळे बरेचदा दुसरी फेरीसुद्धा होते. आणि हे अख्खं रेस्टॉरंट हळूहळू गोल फिरतं, खाली त्याच इमारतीतल्या बोटीच्या राइडमधले जंगल-वाळवंटाचे देखावे दिसत राहतात, पोरगं रडलंच तरी दाखवायला काहीतरी असतं. किल्ल्याच्या झगमगाटापुढे याचं नाव कुणी घेत नाही, ते एक बरंच आहे, बुकिंग त्यामानाने मिळतं.

आजी-आजोबांना कंटाळा येईल अशी भीती असते बऱ्याच जणांना. उलट अनुभव आहे. राइड्समध्ये त्यांना बसता येत नाही, दिवसभर बाकावर बॅगा सांभाळत बसतात बिचारे, इथे निदान तासभर सगळे एका टेबलावर असतात.

आपलं खाणं

आता मुख्य दुखणं. शुद्ध शाकाहारी, अंडंही न खाणारे, चातुर्मास पाळणारे, जैन, आणि दुसऱ्या टोकाला बेकनवर तुटून पडणारा भाचा, हे सगळे एका टेबलावर.

नाश्त्याचा आग्रह मी धरते त्याचं निम्मं कारण हेच. सकाळी वॅफल्स, बटाटे, फळं, ब्रेड, सीरियल, ज्यूस असतं, त्यामुळे शाकाहारी माणसाचं पोट भरतं. रात्रीच्या जेवणात मुख्य जोर मांसावर, आणि शाकाहारी माणूस सत्तर डॉलर देऊन सॅलड आणि मॅक अ‍ॅन्ड चीज खातोय हे बघवत नाही. त्यात मॅक अ‍ॅन्ड चीज मुलांच्या काउंटरवरचं.

पण नाश्त्यातही गाळलेल्या जागा आहेत. वॅफल्स, पॅनकेक, पेस्ट्री या सगळ्यात अंडं असतं, ते दिसत नाही म्हणून नसतंच असं नाही. दह्यात आणि मार्शमेलोत जिलेटिन असू शकतं. ओहानाला सगळं एकाच लोखंडी तव्यात मधोमध आणून ठेवतात, अंड्याची भुर्जी, बटाटे, हॅम आणि सॉसेज एकमेकांना चिकटून. मांसाला लागलेलं न खाणारी आजी टेबलावर असेल तर तो तवा आल्यावर तिचं तोंड बघा. म्हणून बसल्या बसल्याच सर्व्हरला सांगायचं, आमच्यात दोघं शाकाहारी आहेत, त्यांचं वेगळं आणा. नक्की आणतात, वेगळे पैसे नाहीत.

किंबहुना याबाबतीत डिस्नेचं कौतुक करायला हवं. बुकिंग करतानाच अ‍ॅलर्जी किंवा खाण्याची बंधनं लिहायला जागा असते, तिथे लिहा. तिथे पोचल्यावर परत सांगा. गरज पडली तर शेफ स्वतः टेबलाशी येतो, बुफे असेल तर बरोबर फिरून हे चालेल, हे नाही असं दाखवतो. लाजू नका, आणि इंग्रजीत 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून थांबू नका, 'नो मीट, नो फिश, नो चिकन, नो एग' असं सुटं सुटं सांगा, कारण व्हेजिटेरियनमध्ये अंडं धरलेलं असतंच आणि कधी कधी चिकनचा स्टॉकही कुणाच्या लक्षात येत नाही. मेनूवर हिरव्या पानाचं चिन्ह दिसलं तर त्या पदार्थात मांस, अंडं, दूध, मध काहीच नाही, २०१९ पासून हे चिन्ह वापरतात. एगलेसवाल्यांसाठी तोच सगळ्यात खात्रीचा मार्ग. कांदा-लसणाचं मात्र त्या पानावर अवलंबून राहू नका, ते शेफलाच विचारायचं, आणि जैन मंडळींनी सरळ फळं, ब्रेड, सीरियल यावर भर द्यावा, उगाच प्रयोग नकोत.

बुफे हवा आणि त्यात थोडी चवही हवी असेल तर माझं मत टस्कर हाऊसला. पार्कातल्या आफ्रिका विभागात आहे, पदार्थांना मसाल्याची ओळख आहे, दुपारी गेलात तर हमस, कुसकुस, भाज्यांचा रस्सा असं काहीतरी सापडतं, मेनू बदलत असतो. पुण्याहून आलेल्या माणसाला 'तिखट' वाटेल असं काही नाही, पण फिक्कट उकडलेलंही नाही. आणि नुसतं आपलं जेवण हवं असेल, कॅरेक्टर नसले तरी चालतील, तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजचं सना बघा, तिथला ब्रेड सर्व्हिस नावाचा प्रकार म्हणजे नान, पराठा, पापड आणि वाटीवाटीत चटण्या, खिडकीबाहेर जिराफ. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: मिकी सकाळी भेटेल, चव सनामध्ये मिळेल.

कुठल्या दिवशी, किती वाजता

भारतातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट कुठल्याच अमेरिकन माहितीत नसते, ती म्हणजे जेटलॅग. ऑरलँडो भारतापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागे. पहिले तीन-चार दिवस पोरं पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी सहाला मान टाकतात. अशा पोराला रात्री साडेसातच्या जेवणाला नेलं तर सिंड्रेला येईल आणि ते ताटलीत डोकं ठेवून झोपलेलं असेल. त्यांना सकाळी आठचा नाश्ता द्या, त्यांच्या पोटाच्या घड्याळात तो आधीच जेवणाच्या वेळेला आलेला असतो. इथेच न्यू जर्सी, टेक्सासहून येणाऱ्यांना हा प्रश्न नाही, त्यांनी उलट साडेदहाचा शेवटचा नाश्ता घ्यावा, सकाळी पार्क उघडल्या उघडल्या दोन मोठ्या राइड्स उरकायच्या, मग आरामात खायचं, दुपारच्या जेवणाचे पैसे वाचतात.

पार्कातल्या रेस्टॉरंटला जायचं तर त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला लागत नाही. म्हणजे शेफ मिकीज, ओहाना, केप मे, टोपोलिनोज, पार्क फेअर हे सगळं तुम्ही बिनपार्कच्या दिवशीही करू शकता, जेव्हा सगळे थकलेत, आजोबांचे गुडघे बोलतायत, आणि तरी मुलांना डिस्ने हवंय.

अंतराचा अंदाज मात्र आपला हमखास चुकतो. हे म्हणजे एक छोटं शहर आहे. मॅजिक किंगडमच्या दारात गाडी जातच नाही, बाहेर मोठ्या तळावर लावून तिथून मोनोरेल किंवा बोट घ्यायची, उबरही तिथेच सोडते. ऑरलँडोशेजारच्या किसिमीच्या हॉटेलातून क्रिस्टल पॅलेसचं सकाळी आठचं बुकिंग गाठायचं तर साडेसहाला बाहेर पडा, आपल्या माणसांची आंघोळ-चहा धरून म्हणतेय. यावर एक चांगला तोडगा असा की मॅजिक किंगडमच्या दिवशी नाश्ता शेफ मिकीजला ठेवायचा, उबरने थेट कंटेम्पररीच्या दारात उतरायचं, खायचं, आणि तिथून पायवाटेने दहा-एक मिनिटांत चालत पार्कात. तळ, बोट, मोनोरेल सगळं टळतं. आजोबांनाही जमेल असा सपाट रस्ता आहे.

पैसे

नाश्त्याला मोठ्या माणसामागे साधारण ५० ते ६० डॉलर, रात्रीच्या जेवणाला ६० ते ७० च्या घरात, आणि किल्ल्यातलं याहून बरंच वर. तारखेनुसार दर हलतात, बुकिंगच्या वेळी दिसतो तोच खरा. तीन वर्षांखालच्या मुलांचं बुफेत आणि सगळ्यांना मिळून वाढतात तिथे काहीच पडत नाही, आणि त्यांना पार्कचं तिकीटही लागत नाही. तीन ते नऊ मुलांचा दर. दहा पूर्ण झाले की डिस्नेच्या हिशेबाने तो मोठा माणूस, मग तो एक वॅफल खाऊन आयपॅड मागत बसला तरी.

समजा चार मोठी माणसं, एक दहा वर्षांचा आणि एक पाच वर्षांची. ५५ डॉलर धरले तर पाच जणांचे २७५, छोटीचे ३५ धरा, झाले ३१०. त्यावर साडेसहा टक्के टॅक्स, आणि १८ टक्के टिप, म्हणजे ३८६ च्या आसपास. बुफे असला तरी टिप द्यायची असते, पाणी, कॉफी, ताटं उचलणं हे सर्व्हर करतोच. मोठ्या ग्रुपला टिप बिलातच धरलेली असते, त्यामुळे बिल नीट वाचा, नाहीतर सवयीने दुसऱ्यांदा द्याल. रुपयात गुणाकार बाबांना करू देऊ नका, निदान टेबलावर तरी.

हा आकडा बघून नको वाटत असेल तर सरळ सोडून द्या. टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये मिकी भेटतो, प्रिन्सेस फेअरीटेल हॉलमध्ये राजकन्या भेटतात, पार्कच्या तिकिटातच. रांग लावायची तयारी हवी, एवढंच. मूल दोन वर्षांचं असेल आणि त्याला मिकी कोण हे अजून धड माहीत नसेल तर मी स्वतः हेच सुचवते.

बुकिंग

६० दिवस आधी उघडतं, फ्लोरिडाच्या सकाळी सहाच्या सुमारास, वेबसाइटवर आणि अ‍ॅपमध्ये. भारतातून करताय तर मस्तच आहे, मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते दुपारचे साडेतीन होतात, हिवाळ्यात साडेचार. इथले लोक पहाटे डोळे चोळत बसतात आणि तुम्ही ऑफिसात चहा पिताना उरकू शकता. डिस्नेच्याच हॉटेलात राहणार असाल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदम बुक करता येतं. अशांनी किल्ला, ओहाना, टोपोलिनोज असली कठीण नावं मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांवर टाकावीत, कारण त्या तारखांना तेव्हा स्पर्धा कमी असते. बाहेरच्या हॉटेलवाल्यांना रोजचा दिवस रोज बघावा लागतो.

डिस्नेच्या साइटवर अकाउंट आधीच उघडून ठेवा, कार्ड आधीच टाकून ठेवा. भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेत का ते आदल्या दिवशीच बघा, ऐन वेळी ओटीपी बाबांच्या फोनवर आणि बाबा भाजी आणायला गेलेले, असं नको. संख्येत मांडीवरचं बाळसुद्धा धरायचं असतं. सात-आठ जणांचं टेबल सहसा दिसतच नाही, मग चार आणि चार असं दोन नावांवर एकाच वेळेला शोधा आणि पोचल्यावर शेजारी बसवायची विनंती करा, बसवतीलच असं नाही पण प्रयत्न करतात.

नाही मिळालं तरी हातपाय गाळायचे नाहीत. दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर दंड नाही, त्यानंतर माणशी १० डॉलर कापतात. त्यामुळे लोक चार ठिकाणी धरून ठेवतात आणि आदल्या रात्री नको ते सोडतात. आदल्या रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर अ‍ॅप बघत राहा, हमखास काहीतरी सुटतं. तुम्हीही नको असलेलं वेळेत सोडा, पैसे तर वाचतातच, दुसऱ्या कुणाच्या पोराला मिळतं. ग्रुप टूरने येणार असाल तर टूरवाल्यांना आधीच विचारा, कारण त्यांच्या वेळापत्रकात पार्कात बसून तासभर खायला बरेचदा जागाच नसते.

टेबलावर

मुलाला कडेच्या, चालायच्या वाटेजवळच्या खुर्चीवर बसवा, भिंतीकडे कोंबू नका. सहीच्या वहीबरोबर जाड पेन किंवा मार्कर न्या, मिकीच्या हातमोज्यात बारीक बॉलपेन धरता येत नाही. फोटोत नाश्त्याच्या उष्ट्या ताटल्या येतात, त्या कॅरेक्टर जवळ येताना दिसले की बाजूला सरकवायच्या. वाढदिवस असेल तर बुकिंगमध्ये लिहा आणि पार्कात फुकट मिळणारा बिल्ला फ्रॉकला लावा, तो बघून प्रत्येक कॅरेक्टर जरा जास्त थांबतं.

बुफेला सगळे एकदम उठून जाऊ नका, एकाने मुलांपाशी थांबायचं, कारण तुम्ही ताट भरायला गेलात की नेमका गूफी येऊन जातो आणि तो पुढची अख्खी ओळ संपवल्याशिवाय परत येत नाही. कॅरेक्टर मधूनमधून ब्रेक घेतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं कुणीच दिसत नाही, घाबरू नका. बिल मागायच्या आधी मुलांना विचारा, सगळे भेटले का, आणि कुणी राहिलं असेल तर सर्व्हरला सांगा की अमुक अजून आमच्या टेबलाशी आला नाही. ते आत निरोप देतात आणि बहुतेक वेळा तो येतोच.